पालथी फरशी

व्हिनेगर नको, आई सांगायची,
ते कोशिंबिरीवर, जमिनीवर नाही.
लिंबू तर नकोच नको.
आर्लिंदूने एकदा अर्धं लिंबू टाकलं चुलीपाशी,
आम्ही दुपारची झोप काढून उठेपर्यंत
तेवढ्या वाटोळ्या जागेची तकाकी गेली होती,
मोतीबिंदू पडल्यासारखी.
ते अजून आहे. दाखवते, आलात तर.

आमच्या बोर्बात गरिबाघरीही संगमरवर.
खाण गावाच्या उशाशी, दगड फुकट,
म्हणजे फुकट नाही,
बाबांच्या कंबरेच्या भावात.
स्वयंपाकघरात अकरा फरश्या,
एकीचा रंग दुसरीला नाही.
सशाच्या कानासारखी गुलाबी एक,
एकीवर करडी शीर, दारापासून थेट मोरीपर्यंत,
उरलेल्या अशाच, टवके उडालेल्या,
कारखान्याने नाकारलेल्या.

आधी मऊ केरसुणी. वाळूचा कण म्हणजे कानस,
तो चपलेखाली राबतो, आपल्याला कळतही नाही.
मग कोमट पाणी, चमचाभर साधा साबण,
दुसऱ्या बादलीत नितळ पाणी,
आणि गुडघ्यांवर बसून कोरडं फडकं.
पाणी आपोआप वाळू द्यायचं नाही,
वाळताना ते चुना ठेवून जातं.
तेल सांडलं तर सोड्याचा लेप, वर प्लॅस्टिक,
दोन दिवस तिकडे बघायचं नाही.
खुर्च्यांच्या पायांना फेल्ट,
बाबांच्या जुन्या हॅटचं.

खिडकीखालची फरशी मात्र बाबा स्वतः पुसायचे,
शनिवारी, आंघोळीआधी.
कुणी विचारलं नाही का.
घरातल्या पुरुषाने फडकं हातात घेतलं
की बायका कारण विचारत नाहीत.

गेल्या मार्चमध्ये सिंकचा पाइप गळला,
ती फरशी पायाखाली बोलायला लागली.
अबीलियु पहार घेऊन आला,
एका बाजूने उचलली, भिंतीला टेकवली,
आणि आम्ही दोघं गप्प.

पाठीवर अक्षरं. खोल, सुरेख,
बाबांच्याच हातची, कोपऱ्यात द्राक्षांचं पान.
हर्मीनिया दा कोन्सेइसांव.
जन्म १८९४. मृत्यू १९१६.

एकसष्टचे सोळा केले होते त्यांनी.
सदुसष्ट वर्षांची बाई
बाविशीतच संपवली.

अबीलियु हसला, मग हसायचा थांबला.
म्हणाला, दगडाचे पैसे पगारातून कापले असणार.
त्या हिवाळ्यात मी सहा वर्षांची होते,
मला बूट मिळाले नव्हते.
का, म्हणून विचारलं तर
आई पोळपाटासारखा चेहरा करून म्हणाली होती,
जमिनीला विचार.

मला वाटलं, रागावून बोलली.

मशीन फिरवू का, अबीलियु म्हणाला,
दोन-तीन तासांत सगळं साफ,
सरळ बाजूने बसवू, आरशासारखी होईल.
मी नको म्हटलं.
खरी हर्मीनिया वर टेकडीवर आहे,
बरोबर आकड्यांखाली. मी जाऊन पाहून आले.
तिथेही द्राक्षांचं पान आहे,
पण घाईतलं, हात कापत असताना कोरलेलं.

चूक पोटात घालणं म्हणतात,
आमच्याकडे घराने घातली
आणि त्यावर साठ वर्षं सूप वाढलं.

जुना टूथब्रश घेतला, नुसतं पाणी.
नऊच्या पोटातली माती निघायला वेळ लागला.
मग चुना, वाळू, पुन्हा पालथी.
तीन दिवस पाय ठेवू नका, अबीलियुने बजावलं,
म्हणून तीन दिवस
मी अंगणाला वळसा घालून चहा करायला जात होते,
या गुडघ्यांनी.

चौथ्या संध्याकाळी तिच्यावर पाण्याचा थेंब सोडला.
मोजत बसले. थेंब उभा राहिला,
मग हळूच कडेने काळपट झाला.
म्हणजे दगड अजून पितोय, सीलर हवा.

आर्लिंदूला सांगावं म्हणून फोन लावला.
पलीकडे कुणी परकी बाई, कढईत काहीतरी चुरचुरत होतं.
सत्तेचाळीसच्या जागी चौऱ्याहत्तर दाबले होते मी.
नेहमीच दाबते.
माफ करा, म्हटलं, आणि तरीही
क्षणभर फोन ठेवला नाही.